गालाने दिलेला होकार

माझा आजार सगळ्यांत आधी डोमाजीभाऊंनी ओळखला, आणि तोही शिव्या देत देत.

डोमाजीभाऊ म्हणजे राजुऱ्याजवळच्या खेड्यातले कास्तकार. थोडा कापूस, थोडा धान आणि बैलांचं भारी वेड. मी बैलबाजारातला दलाल. माझे वडील त्यांचे बैल विकून देत, वडिलांमागे मी विकून देऊ लागलो. मी मुसलमान, ते कुणबी, पण बैलाच्या बाबतीत आम्ही एकाच घरचे होतो म्हणा ना.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर माझा आजार समजायचा नाही. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल घेणाऱ्याचा हात आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली घेतो. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावरून भाव ठरतो. मग दलाल तोच भाव तसाच बोटांनी विकणाऱ्याच्या हातात देतो. विकणाऱ्याने पंजा दाबला की होकार, हात काढून घेतला की नकार. भोवती पन्नास माणसं उभी असोत, दुपट्ट्याखाली काय चाललंय ते त्या दोन हातांनाच ठाऊक. म्हणून दलालाचं तोंड कोरं पाहिजे. वडील म्हणायचे, नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. मला माझ्या तोंडाचा भारी गर्व होता. वाटायचं, आपल्या चेहऱ्यावरून कुणाला चहाचा भावसुद्धा कळणार नाही.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. पेरणीच्या आधीचा बाजार होता. डोमाजीभाऊंची जोडी मी उभी केली. वर्धा नदीच्या पलीकडचा एक व्यापारी आला. त्याने जो भाव धरला तो कमीच होता. मी तो डोमाजीभाऊंच्या हातात दिला तो नुसता रिवाज म्हणून. ते हात काढतील आणि मी पुन्हा व्यापाऱ्याकडे वळेन, असं मनात धरून होतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पंजा दाबला. मी चमकलो. पण मालकाने होकार दिल्यावर दलालाने बोलायचं नसतं.

पुढच्या बाजारात त्याच व्यापाऱ्याने तीच जोडी किती तरी चढ्या भावाने विकली. ते ऐकून डोमाजीभाऊ सरळ चहाच्या टपरीवर आले. मी तंबाखूचा खर्रा घोटत बसलो होतो.

"काऊन रे रशीद, मले बुडवाले तुले माहीच जोडी भेटली का?"

"म्या काय केलं भाऊ? पंजा तुमी दाबला."

"अन् गालानं हो कोणं म्हटलं? तुह्या बापानं?"

मला काही कळेना. मग त्यांनी टपरीवरच्या सगळ्यांसमोर जे सांगितलं ते ऐकून मी थंड पडलो. "तू सौदा करतानी दात दाबून ठेवते. मनासारका भाव आला का सोडते. तुहा डावा गाल असा खाली येते. इतकी वर्सं मी तेच पाहून पंजा दाबतो. त्या दिवशी बी गाल खाली आला. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं!"

म्हणजे माझं तोंड कोरं कधीच नव्हतं. डोमाजीभाऊ ते पाटीसारखं वाचत होते आणि मला पत्ताही नव्हता. मी हसलो. त्या हसण्याने सगळा घात झाला. ते थुंकले आणि निघून गेले.

आरसा

घरी येऊन मी बायकोला हा किस्सा मजेने सांगितला. शमीम हसली नाही.

"उडते ना तुमचा गाल," ती म्हणाली. "जेवतानी लई उडते."

"कधीपासून?"

"बकरी ईदच्या आधीपासून. मले वाटलं माह्या सालनात काई कमी राह्यलं म्हणून तुमी दात खाऊन राह्यले."

इतके महिने ती बिचारी मसाला बदलून बदलून स्वयंपाक करत होती. मला आठवलं, मध्यंतरी रोज वेगळ्याच चवीचं कालवण मिळे आणि मी खूश होतो.

तिने मला आरशासमोर बसवलं. दात सैल सोडा म्हणाली. मी सोडले. आधी काहीच नाही. मग कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, कातडीखाली एक गोळा वर आला. थरथरला, थोडा वेळ ताठ राहिला आणि खाली बसला. पुन्हा वर आला. मी काही करत नव्हतो. मी त्याला थांब म्हणत होतो, मनातल्या मनात, आणि तो थांबत नव्हता. उजवा गाल मात्र गरिबासारखा गप्प होता.

त्या क्षणी मी घाबरलो. इतर वेळी माणूस दुखण्याला घाबरतो. इथे दुखत फारसं नव्हतं. माझ्या तोंडाचा एक तुकडा माझ्या हुकुमाबाहेर गेला होता, त्याची भीती होती.

गावचे वैद्य

आमच्याकडे तोंडाला काहीही झालं की लोक एकच शब्द बोलतात: खर्रा. आणि तो शब्द खोटाही नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून दिवसभर गालात धरायचा, हा आमच्या जिल्ह्याचा धर्मच म्हणा. तोंड उघडेनासं झालेले, गालाला भोक पडून गेलेले लोक मी पाहिले होते. म्हणून मी डॉक्टरकडे जात नव्हतो. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, असा माझा हिशोब होता.

मग साळीच्या, म्हणजे शमीमच्या बहिणीच्या, मुलीचं लग्न लागलं. पंगतीत बसलो, पहिला मोठा घास घेतला आणि जबडा बसला. डावीकडून असा आवळला की घास आत आणि दात बंद. गिळता येईना, थुंकता येईना. डोळ्यांतून पाणी. लोक ओरडले, "दातखीळ बसली! मिरगी आली!" कुणी कांदा फोडून आणला. कुणी नाकाला जोडा लावला. तो जोडा माझाच होता, वासावरून कळलं. थोड्या वेळाने जबडा आपोआप सुटला. सगळ्यांनी जोड्याचा जयजयकार केला.

मी उठून हात धुतले तेव्हा शमीम मागे उभी होती. "उद्या चंद्रपूर," ती म्हणाली. विचारत नव्हती, सांगत होती.

आ करा

चंद्रपूरचे दातांचे डॉक्टर तरुण होते, बाहेरून आलेले. खुर्चीवर मला मागे वाकवलं, तोंडावर दिवा सोडला आणि म्हणाले, आ करा.

आयुष्यभर मी बैलांची तोंडं उघडली. ओठ वर करायचा, समोरच्या दातांवरून वय पाहायचं: दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. बैल मान झटकतो, डोळे फिरवतो. आज माझे डोळे तसेच फिरत होते. भीती घालवायला मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, जुळलेला हाये का अजून, का म्हातारा झाला?" त्यांना समजलं नाही. कोपऱ्यातला कंपाउंडर मात्र खो खो हसला.

डॉक्टरांनी आतून सगळं तपासलं. मग त्यांनी जे केलं ते मी नीट लक्षात ठेवलं, कारण पुढे तेच माझ्या कामी आलं. दोन्ही हातांची बोटं माझ्या दोन्ही गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याशी ठेवली. म्हणाले, दात आवळा. आता सोडा. पुन्हा आवळा. आवळताना दोन्ही बाजू सारख्या ताठ होतात का, सोडल्यावर सारख्या मऊ होतात का, ते त्यांच्या बोटांना कळत होतं. डावी बाजू सोडल्यावरही सैल पडत नव्हती. मग माझीच बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. तीन बोटं जायला पाहिजेत. माझी दोन कशीबशी गेली.

"दात घासून सपाट झालेत. दात खाता का?"

"नाई जी."

शमीम म्हणाली, "खाते." मला डोमाजीभाऊ आठवले.

शेवटी मी विचारलं ते, जे इतके महिने विचारलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरसारखं मला काही दिसत नाही. पण खर्रा आजपासून बंद. आणि हे जे उडतंय ते माझ्या खात्यातलं नाही, नसांचं आहे. नागपूरला दाखवा."

बाहेर पडलो आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडलो. येणारे-जाणारे पाहत होते. शमीमने माझाच दुपट्टा माझ्या डोक्यावरून ओढून दिला आणि स्वतः शेजारी बसून राहिली. आजारात सगळ्यांत गोड जर काही असेल तर ती पायरी. त्याच्यानंतर किती तरी वाईट दिवस आले, पण ती भीती पुन्हा तितकी आली नाही.

तुम्ही काही करत नाही आहात

नागपूरला साळ्याच्या घरी मुक्काम केला. मोठ्या दवाखान्यात सकाळी चिठ्ठी काढायची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग तपासणीची रांग. रांगेत प्रत्येक जण आपला आजार दुसऱ्याच्या आजाराशी मोजतो. माझ्याकडे पाहून लोक म्हणायचे, तुम्हाला काय झालंय, चांगले तर दिसता! तेवढ्यात गाल उडे आणि माणूस नजर दुसरीकडे वळवी. नजर वळवणं मला टोचायला लागलं.

नसांच्या डॉक्टर बाई होत्या, वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी मला एका खाटेवर झोपवलं आणि गालात, थेट त्या स्नायूमध्ये, बारीक सुई घातली. सुईला तार, तारेला यंत्र. "दात आवळा," त्या म्हणाल्या. यंत्रातून खरखर आवाज आला. "आता एकदम सैल सोडा. काहीही करू नका."

मी सोडलं. जिवाच्या आकांताने सोडलं, असं म्हणता येत असेल तर. आणि यंत्रातून कढईत लाह्या फुटाव्या तसा आवाज सुरू झाला. ताड ताड ताड, मग गप्प, मग पुन्हा ताड ताड. पडद्यावर रेघा उड्या मारत होत्या.

बाई यंत्राकडे पाहत म्हणाल्या, "बघा, तुम्ही काही करत नाही आहात. तो आपोआप आकसतोय."

हे त्यांच्यासाठी रोजचं वाक्य असेल. मला मात्र वाटलं, कुणीतरी मला निर्दोष सोडलं. मी सुई गालात असतानाच विचारलं, "हा आवाज आमच्या गावच्या एका माणसाला ऐकवता येईल का?" त्या म्हणाल्या, "कुणाला?" मी म्हणालो, "राहू द्या."

नंतर डोक्याचा फोटो काढला. बोगद्यासारख्या यंत्रात गप्प पडून राहायचं होतं. आत काही गाठ वगैरे नसावी एवढीच दुआ मी करत होतो. गाठ नव्हती. बाईंनी मग सोप्या शब्दांत सांगितलं. चावायच्या स्नायूकडे जी नस जाते ती चिडली आहे. का चिडली ते नक्की सांगता येत नाही. याने जीव जात नाही. गोळ्यांनी कमी होईल, नाही झालं तर स्नायूत इंजेक्शन द्यायचा मार्ग आहे, पण अगदी पूर्ण जाईलच असं कबूल करत नाही. दात आवळण्याची सवय आणि सुपारी, दोन्ही या दुखण्याला खतपाणी घालतात.

"मी सौदे करताना दात आवळतो," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं?"

"एका गिऱ्हाइकाने. त्याला माझ्याआधी ठाऊक होतं."

वजू

बाईंनी सांगितलं होतं, दिवसातून ठरलेल्या वेळी गाल तपासायचे. उडणं वाढलं का, ताठरपणा किती, तोंड किती उघडतं. चार-पाच वेळा, रोज, विसरायचं नाही. मला हसू आलं. पाच वेळा ठरलेलंच होतं की! फक्त मी नमाजाला तेवढा नियमित नव्हतो. आजारपणाने मला नमाजी केलं, हे मौलवींना अजून सांगितलेलं नाही.

नमाजाआधी वजू करताना हात धुवायचे, मग तोंडात पाणी घेऊन चूळ भरायची. चूळ भरताना कळतं तोंड कसं आहे. ज्या दिवशी जबडा आवळलेला असे, पाणी डावीकडे फिरत नसे आणि ओठाच्या कोपऱ्यातून गळे. मग चेहऱ्यावरून दोन्ही ओले तळवे फिरवायचे. तिथे मी जरा थांबू लागलो. बोटं जबड्याच्या कोपऱ्यावर, हळूच आवळ, सोड. दोन्हीकडे सारखं आहे का? गोळा हलतोय का? ओल्या कातडीवर बोटांना फार बारीक कळतं. पहाटेच्या वजूला गाल सगळ्यांत ताठ असे आणि दुपारी सैल, हे मला तिथेच समजलं. ते ऐकून बाई म्हणाल्या, म्हणजे झोपेतही आवळता. रात्री दातांत घालायला एक कडक पट्टी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मापाने बनवून दिली.

ज्यांना असा त्रास आहे त्यांना मी एवढंच सांगेन: आपापली एखादी रोजची गोष्ट धरा. कुणाची दाढी असेल, कुणाची वेणी-फणी, कुणाची देवपूजा. आणि दिवसभरात आठवेल तेव्हा पाहा, ओठ मिटलेले असताना दात एकमेकांना टेकलेत का. टेकलेले नसावेत. मला वाटायचं, मिटलेल्या तोंडात दात टेकलेलेच असतात. सगळी दुनिया अशीच राहते, असं मी समजत होतो.

गोळ्यांनी पहिल्यांदा घुमवलं. उभा राहिलो की जमीन कलंडे. दर काही दिवसांनी रक्त तपासायला जावं लागे. आणि खर्रा! गोळ्यांची चक्कर परवडली, पण खर्रा सोडणं म्हणजे अंगातलं हाड काढणं. बाजारातला दोस्त पन्नी पुढे करे आणि म्हणे, "एक चिमटीनं काय होते बे?" त्या चिमटीसाठी मी चोरासारखा दोनदा वळलो, हेही लिहून ठेवतो. तिसऱ्यांदा जबडा असा बसला की पुन्हा वळलो नाही.

दात!

घरात मात्र माझा आजार सगळ्यांच्या वाट्याला आला. शमीमला मी सांगून ठेवलं होतं, दात आवळलेले दिसले की टोक. तिने ते फारच मनावर घेतलं. मी पेपर वाचत असे, ती चुलीजवळून ओरडे, "दात!" पाहुण्यांशी बोलत असे, पडद्यामागून, "दात!" मुलगी नसरीन शाळेत जायची, तीही शिकली. दप्तर पाठीला आणि जाता जाता, "अब्बा, दात!"

एके दिवशी मी भडकलो. "मी बैल हाये का? सारकी तोंड पाहून राह्यली!"

शमीम शांतपणे म्हणाली, "बैल असते तं कधीच विकून टाकलं असतं तुमाले."

नसरीन हसली, मी हसलो. शमीम हसली नाही. तिने पाठ फिरवली आणि मला कळलं की ती रडतेय. म्हणाली, "मले तुमच्या तोंडाकडे पाह्याची भीती वाटते. अन् नाई पाह्यलं तरी वाटते." मी जाऊन तिचा हात धरला आणि माझ्या गालावर ठेवला. "पाहू नको. हातानं पाह्य." गाल तिच्या हाताखाली उडाला. ती दचकली, पण तिने हात काढला नाही. त्या दिवसापासून तिचं ओरडणं कमी झालं. येता-जाता गालाला हात लावून जायची, बस्स.

एक गोष्ट खूप उशिरा माझ्या लक्षात आली. घरात मऊ भात, वरण, शिजून गाळ झालेली भाजी, असंच रोज असे. मटण आलं तर खिमा. मी एकटा वेगळं खातोय असं मला वाटू नये म्हणून ती सगळ्यांनाच तेच वाढत होती. हाड चोखायला मिळत नाही म्हणून नसरीन कुरकुर करायची आणि आई तिला डोळ्यांनी दाबायची.

दुपट्टा

बाजार सोडून जगता येत नव्हतं. मी पुन्हा जाऊ लागलो, पण तोंडाला दुपट्टा गुंडाळून. धुळीचा त्रास होतो, असं सांगत असे. हे माझं शहाणपण अंगाशी आलं.

आमच्या बाजारात ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्या हातात कोण हात देणार? टपरीवर बोलणं सुरू झालं. "डोमाजीले बुडवलं, आता तोंड लपवून फिरून राह्यला." माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची माणसं दुसऱ्या दलालाकडे बैल नेऊ लागली. दलालाकडे असतं काय? त्याच्या शब्दाला किंमत असते तोवर तो दलाल. ती गेली की तो नुसता बाजारात उभा असलेला माणूस.

मी नागपूरचा कागद घेऊन डोमाजीभाऊंच्या घरी गेलो. ते अंगणात बैलांना कडबा टाकत होते.

"भाऊ, हे पाहा, मले बिमारी हाये. लिहून देल्लं डॉक्टरनं."

त्यांनी कागद हातातही घेतला नाही. "कागदाचं काय घेऊन बसला? कोणी बी लिहून देते."

मी वळलो. दारापर्यंत आलो. मग काय सुचलं कोण जाणे, परत फिरलो, दुपट्टा सोडला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "मंग हात लावून पाहा. बैलाले पाहता ना तुमी हात लावून?"

डोमाजीभाऊ बैल घेताना डोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीत. खांद्यावर तळवा ठेवून उभे राहतात, कातडी कुठे थरथरते ते पाहतात, दुखरी जागा शोधतात. त्यांनी हात धोतराला पुसला. मग अंगठा माझ्या डाव्या गालावर ठेवला.

गाल उडेना. नेमका त्याच वेळी! आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला मनात म्हणालो, उड रे बाबा.

मग उडाला. डोमाजीभाऊंचा अंगठा वर ढकलला गेला. त्यांनी दाबून धरलं. खाली तो ताड ताड चाललाच.

"थांबव ना."

"थांबत नाई भाऊ."

त्यांनी दुसरा हात उजव्या गालावर ठेवला. तिथे काही नव्हतं. दोन्ही हात तसेच धरून ते माझ्यासमोर खाली बसले. एवढ्या जवळून त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"मंग त्या दिवशी तुनं हो म्हटलंच नोहतं," ते म्हणाले.

"नाई भाऊ. मले वाटलं तुमी हात काढसान."

त्यांनी माझे गाल सोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसलं. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले आणि म्हणाले, "मंग आता मी काय पाहू?"

मी घरी आलो. त्या प्रश्नाने मला आजारापेक्षा जास्त छळलं. इतकी वर्षं या माणसाने माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून आपले बैल विकले होते. मी बरा होईन, थोडा होईन, नाही होणार. पण तो गाल आता त्यांच्या कामाचा राहिला नव्हता.

बाजार

गोळ्यांनी फरक पडला. उडणं निम्म्याहून कमी झालं, जबडा बसणं जवळजवळ थांबलं, तिसरं बोट तोंडात जाऊ लागलं. पण गर्दीत, गडबडीत, मनावर ताण आला की अजूनही गाल आपलं काम करतो.

डोमाजीभाऊ दसऱ्यानंतरच्या बाजारात एक गोऱ्हा घेऊन आले. चारदाती, पांढरा, देखणा. सगळ्या दलालांना ओलांडून ते माझ्याकडे आले आणि काही न बोलता दोर माझ्या हातात दिला. टपरीवरचे लोक उठून पाहू लागले. मी दुपट्टा तोंडाला बांधला नव्हता, खांद्यावर होता.

घेणारा आला. मी त्याचा हात दुपट्ट्याखाली घेतला. त्याने भाव धरला. ठीक होता, पण गोऱ्ह्याच्या मानाने कमी. मी तो डोमाजीभाऊंच्या हातात दिला आणि तेवढ्यात गाल सुटला. ताड ताड ताड.

डोमाजीभाऊंनी सवयीने माझ्या गालाकडे पाहिलं. मग नजर काढली. पुन्हा पाहिलं. त्यांची बोटं माझ्या पंजात होती. ती दाबतही नव्हती, निघतही नव्हती. साऱ्या बाजारात बैल ओळखण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नाही, ते डोमाजीभाऊ गोंधळून माझ्यासमोर उभे होते. आणि घेणारा घाई करत होता.

मी दुपट्टा झटकून काढला. आमचे दोघांचे हात उघड्यावर पडले. माझ्या वडिलांनी असं कधी केलं नसतं. कुठल्याच दलालाने केलं नसतं. जेवढं तोंड उघडत होतं तेवढं उघडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "देऊ नका भाऊ. गोऱ्हा याच्याहून जास्तीचा हाये."

घेणाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या ताटात थुंकलो. "हे कोणती दलाली?" म्हणून तो चालता झाला. माझा गाल अजून उडतच होता, पण आता त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

डोमाजीभाऊंनी आपला हात माझ्या हातातून काढला नाही. म्हणाले, "असं तोंडानं सांगत जाय ना, रशीद. हे मले समजते."